पुढचा ब्रेक भरवशाचा नाही

गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने विचारलं, "इंदुरात सायकलचा हायड्रॉलिक ब्रेक कोण नीट करतं हो? माझा कधी लागतो, कधी लागत नाही." मी त्यांना स्नेहलतागंजातला पत्ता लिहून दिला आणि म्हटलं, "तिथे माझं नाव घेऊ नका."

ते हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करते आहे.

त्या पत्त्यावरचे पोतनीस मला कधीच आवडले नाहीत. मी त्यांना आवडत होते असं म्हणायला तर काही आधारच नाही. चार वर्षं मी त्यांच्याकडे सायकल नेत होते आणि चार वर्षांत त्यांनी मला एकदाही 'बसा' म्हटलं नाही. बसायला स्टूल होतं. त्यावर ते चाक ठेवत.

मी सांगलीची. नोकरीसाठी इंदूरला आले तेव्हा इथे माझं कोणी नव्हतं. मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करण्याचं काम, एकटीचा फ्लॅट आणि रविवारची भीती. कुणीतरी सायकलवाल्यांच्या ग्रुपची माहिती दिली म्हणून मी सायकल घेतली, तीही जरा चांगली, तेलावर चालणाऱ्या डिस्क ब्रेकची. साध्या ब्रेकला तार असते. याला बारीक नळी असते आणि नळीत तेल. हँडलवरची लिव्हर दाबली की तेल पुढे सरकतं आणि चाकाजवळचे दोन पॅड चकतीला दोन्ही बाजूंनी पकडतात. दोन बोटांत सायकल उभी राहते. तीन महिने राहिली. मग कधी लिव्हर घट्ट लागायची, कधी मऊ, हँडलपर्यंत येणारी. ग्रुपमध्ये सगळे म्हणाले, पोतनीसांकडे ने, पण जरा सांभाळून.

स्नेहलतागंजात एका जुन्या दुमजली घराच्या खाली त्यांचं गॅरेज होतं. वर ते आणि सुमनकाकू राहत. पासष्टीचा उंच, वाळलेला माणूस. मे महिन्यातही शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. पीथमपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं त्यांनी हायड्रॉलिक प्रेसची देखभाल केली होती. निवृत्त झाल्यावर मोठी मशीनं गेली आणि हे छोटे ब्रेक आले.

"ब्रेक कधी कधी लागत नाही," मी म्हणाले.

"कधी कधी म्हणजे कधी?"

"म्हणजे, मधूनमधून."

"सकाळी? उतारावर? ऊन असताना? सायकल दोन दिवस उभी राहिल्यावर?"

"तसं लक्षात नाही आलं."

"मग लक्षात आल्यावर या." ते आत वळले.

"अहो, तुम्ही एकदा बघा तरी."

ते परत आले, लिव्हर दोनदा दाबली. "आत्ता तर लागून राहिला आहे. काय बघू? मी याची हवा काढीन, तेल बदलीन, तुम्ही खुश होऊन घरी जाल आणि चार दिवसांनी इथंच येऊन म्हणाल, कधी कधी. पंधरा दिवस लिहून आणा. केव्हा मऊ लागला आणि त्याच्या आधी सायकल कुठे होती, कशी होती. तेव्हा हात लावीन."

मी घरी आले ती धुमसत. हा माणूस ग्राहकाला गृहपाठ देतो. पण चिडून का होईना, लिहीत गेले. पंधरा दिवसांत चार वेळा ब्रेक मऊ लागला आणि चारही वेळा त्या दिवशी मी सायकल कारच्या मागच्या भागात उलटी टाकून बायपासपर्यंत नेली होती. माझं मलाच ते कागदावर दिसलं.

पोतनीसांनी कागद वाचला. "लिव्हरच्या वर एक छोटी टाकी असते. तिच्यात जराशी हवा राहिली तरी ती वरच बसते, त्रास देत नाही. तुम्ही सायकल उलटी केली की ती नळीत शिरते. मग दहा वेळा दाबलं की परत वर जाते आणि तुम्ही म्हणता, आपोआप बरा झाला." मग कागदाची घडी करून मला परत दिली. "दुसऱ्याच वेळेला कळायला पाहिजे होतं. चार वेळा काय लागले?"

टाकीतली हवा त्यांनी काढून दिली. त्यानंतर माझ्या सायकलने त्रास दिला नाही. माणसाने मात्र दिला.

त्यांच्या गॅरेजात दोन भिंतींना दोन कपाटं होती. काही कंपन्यांच्या ब्रेकला एक तेल लागतं, काहींच्या ब्रेकला दुसरं. एकाचा थेंब दुसऱ्यात गेला तर आतलं रबर फुगतं आणि ब्रेक अडकतो. म्हणून या कपाटातली पिचकारी, फडकं, वाटी, काही म्हणजे काही त्या कपाटाकडे जायचं नाही. एका बाजूचं काम संपलं की पोतनीस साबणाने कोपरापर्यंत हात धुवून मगच दुसऱ्या बाजूला जात. एकदा माझ्यासमोर एका गिऱ्हाइकाने मदत करावी म्हणून डावीकडची वाटी उचलून उजवीकडच्या टेबलावर ठेवली. पोतनीसांनी ती वाटी, तिच्यातलं तेल आणि शेजारचं फडकं, सगळं कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि त्या गृहस्थाची सायकल बाहेर नेऊन उभी केली.

"मुझे पता नहीं था," तो म्हणाला. "मैं सर्जन हूँ, मुझे सफाई मत सिखाइए."

"फिर तो आपको शरम आनी चाहिए," पोतनीस म्हणाले आणि शटर ओढून घेतलं. मी आतच राहिले होते. मला बाहेर काढायला त्यांना पुन्हा शटर उचलावं लागलं, त्याचाही राग त्यांनी माझ्यावरच काढला.

काम झालं की ते लिव्हर हातात घेऊन डोळे मिटत आणि वीस-तीस वेळा दाबत. मध्ये कुणी बोललं किंवा फोन वाजला की पहिल्यापासून. सगळं बरोबर असलं तरी 'ठीक झाला' हे शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाले नाहीत. म्हणत, "आत्ता तरी नाही करून राहिला." म्हणजे आत्ता तरी त्रास देत नाही. इतक्यावरच सायकल मिळायची. ग्रुपमध्ये या वाक्याच्या नकला होत. मीही करत असे, आणि माझी नक्कल चांगली होती.

ग्रुपमध्ये एक कहाणीही होती. पोतनीस असे का, तर म्हणे कारखान्यात त्यांच्या हलगर्जीने कुणाचा तरी हात प्रेसखाली गेला, तेव्हापासून त्यांचं डोकं फिरलं. एकदा सुमनकाकू जिन्यात भेटल्या तेव्हा मी आडून विचारलं. काकू हसायलाच लागल्या. "कुणाचा हात नाही गेला गं. लग्नाच्या दिवशीसुद्धा हे असेच होते. आमच्या बाबांना म्हणाले, मांडवाचा एक खांब हलतो आहे, आधी तो बघा, मग अक्षता. आणि मजा बघ शुभदा, खांब खरंच हलत होता. बाबांनी त्यांना शेवटपर्यंत माफ नाही केलं."

काकूंना ते बोलणं कसं सोसत, मला कळत नसे. एकदा तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "मला एकटीलाच बोलले असते तर मी केव्हाच माहेरी गेले असते. ते सगळ्यांनाच बोलतात, हे खाली येऊन बघते आणि मला बरं वाटतं."

आमच्या ग्रुपचा म्होरक्या होता धवल. घरांच्या खरेदी-विक्रीचा धंदा, मोठं हसू, सगळ्यांचा धवल भिया, म्हणजे इंदुरी भाषेत भाऊ. पहिल्या रविवारी मी मागे पडले तेव्हा परत येऊन माझ्यासोबत सावकाश चालवणारा तो एकटा होता. या परक्या शहरात माझी जी काही माणसं झाली ती त्याच्यामुळे. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात याचा भाग आहे.

धवलच्या महागड्या सायकलचा पुढचा ब्रेक त्रास द्यायला लागला. घरी घट्ट, चांगल्या रस्त्यावर घट्ट, आणि अचानक कुठेतरी लिव्हर पोकळ होऊन थेट हँडलला टेकायची. दुसऱ्यांदा दाबली की परत घट्ट. तीन ठिकाणी त्याने हवा काढून घेतली, तेल बदललं, पॅड बदलले. चौथा पोतनीस. त्यांनी सायकल अकरा दिवस ठेवून घेतली. पुढच्या रविवारी आम्हाला मानपूरला जायचं होतं, तिथला घाट उतरायचा होता. शुक्रवारी सकाळी धवल सायकल घ्यायला गेला तेव्हा मी माझी साखळी बदलायला तिथे गेले होते.

"नहीं मिलेगी," पोतनीस म्हणाले. "अभी पकड़ में नहीं आया है."

धवलने स्टँडवरच्या सायकलची लिव्हर दाबली. "अंकल, एकदम पत्थर है. और क्या चाहिए?"

"स्टँड पर पत्थर है. रोड पर नहीं है. जब तक मेरे सामने नहीं करेगा, मैं कैसे बोलूँ कि अब नहीं करेगा?"

"रविवार को तीस लोग आ रहे हैं. मैं लीड कर रहा हूँ."

"दूसरी साइकल लेकर लीड करो."

धवल हसत होता, पण कान लाल झाले होते. त्याने सायकल स्टँडवरून उतरवली. पोतनीसांनी हँडल धरलं. दोघं दोन बाजूंनी एका सायकलला धरून उभे, एक पासष्टीचा आणि एक चाळिशीचा, आणि मी मध्ये माझी साखळी हातात घेऊन. "मेरी साइकल है," धवल हळू आवाजात म्हणाला, "हाथ हटाओ." पोतनीसांनी क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि हात काढला. मग टेबलावरची लाल चिठ्ठी घेतली, तिच्यावर मोठ्या अक्षरात हिंदीत लिहिलं, पुढचा ब्रेक भरवशाचा नाही, घाटात नेऊ नये, खाली सही केली आणि दोऱ्याने ती लिव्हरला बांधली.

मी धवलबरोबरच बाहेर पडले. कोपऱ्यावर त्याने ती चिठ्ठी तोडली, इकडेतिकडे कचऱ्याचा डबा शोधला, दिसला नाही म्हणून माझ्या हातात दिली. "मॅडम, कहीं डाल देना. सठिया गए हैं."

मी ती कमरेच्या पाउचमध्ये टाकली.

रविवारी मानपूरच्या पुढे घाटाच्या माथ्यावर सगळे थांबलो. धवलने नेहमीसारखं भाषण केलं, अंतर ठेवा, शर्यत नको, ब्रेक तपासून घ्या. मेघा माझ्या शेजारी होती. सव्वीस वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी, इथलीच मराठी मुलगी, दोन महिन्यांपूर्वी ग्रुपमध्ये आलेली. तिचा हा पहिला घाट. "ताई, पुढचा जास्त दाबायचा की मागचा?" तिने विचारलं. मी तिला नीट समजावून सांगितलं, दोन्ही थोडे थोडे, सोडून सोडून. चिठ्ठी माझ्या पाउचमध्ये होती. मला ती आठवत नव्हती असं नाही. आठवत होती. पण तीस लोकांसमोर धवलला काय म्हणायचं? आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, पोतनीस नेहमीच असं बोलतात. त्यांना मांडवाचा खांबही हलताना दिसतो.

तिसऱ्या वळणाआधी रस्ता खोदलेला होता. शंभरएक पावलं नुसती खडी आणि खड्डे. मेघा तिथून पुढे गेली होती, तिचा पहिला घाट म्हणून धवल मुद्दाम तिच्या मागे, मी धवलच्या मागे. खडबडीत भाग संपला, वळण आलं आणि धवलच्या सायकलचं मागचं चाक फरपटायला लागलं. पुढचा ब्रेक लागलाच नव्हता. त्याने ओरडून सावध केलं, पण मेघाला बाजूला व्हायला जागा नव्हती. तो तिच्यावर आदळला आणि दोघं कठड्यावर गेले. धवलचं गळ्याजवळचं हाड मोडलं. मेघाची मांडी आणि मनगट. मांडीचं हाड मोडलेलं माणूस ओरडत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ती फक्त माझ्याकडे बघत होती आणि तिचे दात वाजत होते.

संध्याकाळपर्यंत ग्रुपच्या व्हॉट्सॅपवर धवलचा दवाखान्यातून निरोप आला. ब्रेक फेल झाला. शेवटचा हात पोतनीसांचा होता. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. मग बाकीचे सुरू झाले. म्हातारा, खुनी, दुकान बंद करा, पोलिसांत द्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही आठजण त्यांच्या गॅरेजवर गेलो. आम्ही म्हणते, कारण मी त्यात होते.

ते एक चाक पुसत होते. आठजणांनी आठ तऱ्हेने त्यांना बोलून घेतलं. एकाने टेबलाला लाथ मारली, पिचकाऱ्या खाली सांडल्या. वरून सुमनकाकू अर्ध्या जिन्यापर्यंत आल्या आणि तिथेच कठडा धरून उभ्या राहिल्या. पोतनीसांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "वो लड़की कैसी है?" कुणीतरी शिवी घातली. ते म्हणाले, "साइकल कहाँ है?"

"साइकल का क्या करेंगे आप? सबूत मिटाएँगे?"

"साइकल लाओ," ते म्हणाले. "अभी भी कर रही होगी."

आपण सायकल देत नव्हतो, चिठ्ठी बांधली होती, यातलं ते काहीच बोलले नाहीत. मात्र एकदा माझ्याकडे बघितलं. त्या शुक्रवारी गॅरेजात तिसरी व्यक्ती मी होते, हे त्यांना आणि मलाच माहीत होतं. मी टेबलाखाली पडलेल्या पिचकाऱ्यांकडे बघत राहिले. मला भीती वाटत होती असं आजवर मी स्वतःला सांगत आले. पण भीतीसोबत थोडा आनंदही होता. चार वर्षं ज्याने मला उभं ठेवलं, तो आज सगळ्यांसमोर उभा होता.

तो आनंद दोन दिवस टिकला. मेघाच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या. दुसरीनंतर डॉक्टर म्हणाले, पाय किंचित आखूड राहील. मेघा दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी मी धवलच्या घरी गेले. त्याचा हात झोळीत होता. मी चिठ्ठी त्याच्यासमोर धरली आणि म्हणाले, सायकल दे, नाहीतर हिचा फोटो ग्रुपवर टाकते. माझं आणि त्याचं शेवटचं बोलणं ते.

"आप भी तो थीं वहाँ," तो म्हणाला. "आपने क्यों नहीं बोला?"

मी चिठ्ठी तशीच धरून उभी राहिले. त्याने ड्रायव्हरला सांगून सायकल माझ्या कारमध्ये ठेवून दिली.

पोतनीसांनी 'कशी मिळाली' विचारलं नाही. सायकल स्टँडला लावली, डोळे मिटले आणि लिव्हर दाबत राहिले. तीस वेळा घट्ट. मग स्टँडवरून उतरवली, पुढचं चाक वीतभर उचललं आणि जमिनीवर सोडलं. पुन्हा उचललं, पुन्हा सोडलं, जसं खड्ड्यांतून जातं आहे. सात-आठ वेळा. मग लिव्हर दाबली. ती थेट हँडलला टेकली. दुसऱ्यांदा दाबली, घट्ट. पुन्हा आपटलं, पुन्हा पोकळ.

"बघून राहिल्या ना?" त्यांनी मला विचारलं. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला काही दाखवलं.

त्यांनी पुढचं चाक वरून धरून आडवं हलवलं. हाताला बारीकसं टक असं लागलं. चाकाच्या मधोमध, ज्याला हब म्हणतात तिथलं बेअरिंग खलास झालं होतं. ब्रेकची चकती त्या हबलाच बसवलेली असते. खराब रस्त्यावर चाक आडवं डुलायचं, चकती दोन्ही पॅडना मागे ढकलायची, आणि पुढच्या वेळी लिव्हर दाबली की सगळा जोर ते पॅड परत जवळ आणण्यातच जायचा. दुसऱ्या दाबाला ब्रेक लागायचा. घाटातल्या वळणावर दुसऱ्या दाबाला वेळ नसतो.

"हे पडल्यामुळे झालं असेल," मी म्हणाले.

त्यांनी बेअरिंग खोलून माझ्या तळहातावर ठेवलं. आतल्या कड्यावर गंजाचे जुने, काळे खड्डे होते. "हे एका दिवसाचं काम आहे का? महिने झाले. चार ठिकाणी ब्रेक खोलला सगळ्यांनी. ब्रेकमध्ये काही नव्हतंच." मग ते थांबले आणि आवाज आणखी कडवट झाला. "अकरा दिवस मीही ब्रेकच पाहत होतो. तो म्हणाला होता, चाक नवीन आहे, मागच्या महिन्यात टाकलं. मी ऐकून घेतलं. नवीन फक्त रिम होती, हब जुनाच. एकदा चाकाला हात लावून हलवलं असतं तर एक मिनिटात कळलं असतं. मी हात नाही लावला. का, तर त्याने सांगितलं म्हणून."

मी म्हणाले, "तुमची काय चूक? तुम्ही तर सायकल देतच नव्हता."

"दिली ना," ते म्हणाले. "हात काढला ना मी." मग साबणाने हात धुतले. "त्या मुलीचं घर दाखवा."

मेघाचं घर बडा गणपतीजवळ, जिना चढून दुसऱ्या मजल्यावर.  मेघाची आई दारातच भडकली. तीही याच शहरातली, मराठी आणि हिंदी दोन्हीत बोलली, आणि दोन्हीत तिने काही शिल्लक ठेवलं नाही. पोतनीस चपला काढून तिथेच उभे राहिले. तिचं संपल्यावर आत गेले. मेघा पलंगावर होती, पायाला लोखंडी पट्ट्या.

"मी पोतनीस. ब्रेक माझ्याकडे होता," ते म्हणाले. "खराबी चाकाच्या बेअरिंगमध्ये होती. मला अकरा दिवसांत सापडायला पाहिजे होती, नाही सापडली. आणि सापडली नव्हती तर सायकल हातातून सोडायला नको होती, ती सोडली. हे सांगायला आलो."

मेघाने विचारलं, "तुम्ही त्यांना सांगितलं नाही, ब्रेक खराब आहे म्हणून?"

पोतनीस गप्प राहिले. ते माझ्यासाठी गप्प राहिले असं मला वाटत नाही. आपण सांगितलं होतं, ही गोष्ट त्यांच्या हिशेबात मुळी मोजायचीच नव्हती. पण त्या खोलीत आता मला गप्प राहवेना. मी पाउच उघडून चिठ्ठी तिच्या चांगल्या हातात दिली. शुक्रवारचं सगळं सांगितलं.

तिने ती वाचली. पुन्हा वाचली. "ही तुमच्याकडे कधीपासून आहे?"

"त्या शुक्रवारपासून."

"माथ्यावर मी तुम्हाला विचारलं, पुढचा जास्त दाबायचा की मागचा. तेव्हाही होती?"

"होती."

तिने चिठ्ठी उशाशी ठेवली. आईला हाक मारून म्हणाली, "ह्यांना जायला सांग." 'ह्यांना' म्हणताना ती माझ्याकडे बघत होती, पोतनीसांकडे नाही. मी उठले. तेही उठले.

जिन्यावरून उतरताना ते पुढे होते. खालच्या पायरीशी थांबले, मागे न वळता म्हणाले, "मला वाटलं, त्याने फेकून दिली असेल."

"मला दिली होती. फेकायला."

"हं." मग शेवटची पायरी उतरून म्हणाले, "उद्यापासून तुमची सायकल दुसरीकडे न्या, मॅडम."

मी म्हणाले, सोडते तुम्हाला घरी. ते रिक्षाने गेले.

रात्रीपर्यंत मेघाने चिठ्ठीचा फोटो ग्रुपवर टाकला. दोन दिवसांत ग्रुप फुटला. त्या आठांपैकी दोघं पोतनीसांकडे माफी मागायला गेले आणि त्यांनी त्या दोघांना दारातूनच परत पाठवलं, असं ऐकलं. मला कुणी काही बोललं नाही. फक्त रविवारी कुठे जमायचं ते कुणी कळवेनासं झालं. मी अजून सायकल चालवते, एकटी, सपाट रस्त्यावर. ब्रेक एका दुसऱ्या दुकानात दाखवते. तिथला माणूस गोड आहे, चहा विचारतो, दर वेळी म्हणतो, "बिलकुल ठीक हो गया मॅडम." मी मान हलवते आणि बाहेर आल्यावर चाक धरून आडवं हलवून बघते.

या उन्हाळ्यात एकदा कामासाठी स्टेशनकडे जायचं होतं. रिक्षावाल्याने गर्दी टाळायला गाडी स्नेहलतागंजातून घातली आणि नेमकी त्यांच्या घरासमोर ती अडकली. शटर पूर्ण उघडं होतं. स्टुलावर मेघा बसली होती, एक पाय लांब केलेला, मांडीवर चाक. ती हातवारे करून काहीतरी सांगत होती, पोतनीस मान हलवत नाही म्हणत होते, ती पुन्हा तेच सांगत होती. दोघंही चिडलेले दिसत होते. जिन्यात सुमनकाकू शेंगा सोलत बसल्या होत्या आणि त्यांना ते सगळं ऐकून मजा येत असावी.

मागच्या गाडीने हॉर्न दिला. पोतनीसांनी वर बघितलं. आमच्यात दहा पावलं असतील. त्यांनी मला ओळखलं, यात शंका नाही. मी हात उचलावा की नाही ते ठरवत होते, तेवढ्यात ते दारापर्यंत आले, हात वर केला आणि शटर अर्धं खाली ओढलं.

डोळ्यावर ऊन येत असेल, असं मी रिक्षावाल्याला म्हणाले. त्याने काही विचारलं नव्हतं. ते घर उत्तरेकडे तोंड करून आहे.